फळ्यावर नसलेला बिल्ला

बत्तीचा हात तोंडाच्या आधी चालायचा. इतर माणसं आधी शिव्या देतात, मग बाह्या सरसावतात, मग कोणीतरी मध्ये पडेल म्हणून जरा वाट बघतात. बत्तीला असला धीर कधी जमलाच नाही. आपण काय चुकीचं बोललो हे समोरच्याला कळायच्या आत त्याचं नाक फुटलेलं असायचं. न्हाव्याच्या दुकानात नंबर मोडून बसला म्हणून त्याने एका ट्रक ड्रायव्हरला गालावरच्या फेसासकट रस्त्यावर आणून बडवला होता. थोरल्या मेव्हण्याचे पुढचे दात तर बत्तीच्या स्वतःच्या लग्नात पडले. नवरदेव हात धुऊन पुन्हा जेवायला बसला आणि मेव्हणा उपाशी राहिला.

तो खाणीत सुरुंग उडवायचा. खडकात भोकं पाडून घ्यायची, त्यात दारू ठासायची, तारा जोडायच्या, लांब जाऊन मशीनची मूठ फिरवायची. वातीला बत्ती देण्याचा जमाना कधीच संपला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता असा तापट माणूस आणि त्याच्या हातात दारू, हे ऐकून कोणीही चार हात लांब राहील. पण कामाच्या वेळी बत्ती म्हणजे निराळाच माणूस. खाली उतरणारा प्रत्येक जण दिवेखोलीतल्या फळ्यावर आपला पितळी बिल्ला टांगून जायचा आणि वर आला की काढून गळ्यात घालायचा. बार उडवण्याआधी बत्ती स्वतः त्या फळ्यासमोर जाऊन उभा राहायचा. एक जरी बिल्ला लटकत असला तरी मशीनला हात लावायचा नाही, मग मॅनेजर पाया पडला तरी. एकदा एक मुकादम म्हणाला, "अरे, तो वर आलाय, बिल्ला काढायला विसरला असेल. उडव तू." बत्तीने त्या मुकादमाची मुंडी हात धुण्याच्या हौदात बुडवली आणि बिल्लेवाला स्वतः येऊन "मी आहे, मी आहे" असं ओरडेपर्यंत बुडवून धरली.

"फळा खोटं बोलत नाही," तो म्हणायचा. "खोटं माणसं बोलतात."

या बिल्ल्याची आणखी एक रीत होती. कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी अडचण आली, तर त्याचा भाऊ नाहीतर दोस्त त्याचा बिल्ला गळ्यात घालून पाळीवर यायचा. याला बदली म्हणायचे. बिल्ला ज्याच्या गळ्यात, माणूस तो. कंपनीलाही चालायचं आणि कामगारांनाही.

दुसरी रीत वाईट होती. संपाच्या दिवसांत जो कोणी चोरून कामावर जाईल, त्याच्यासाठी लिफ्टच्या तोंडाशी गल्ली धरायचे. दोन बाजूंना माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात कुदळीचा दांडा, आणि फितूर माणसाने मधून दिवेखोलीपर्यंत चालत जायचं. पोचला तर पोचला.

मागच्या संपात ही गल्ली पाचरसाठी धरली होती. पाचर म्हणजे लाकूडकामवाला. खाणीच्या छताला टेकू द्यायचा आणि टेकूच्या डोक्यावर पाचरी ठोकून छत आवळून धरायचा, त्याचं काम. तो संपात गुपचूप खाली गेला, कारण त्याने लावलेले टेकू करकरत होते आणि त्याला घरी झोप लागेना. तो हे सांगत होता, रडत सांगत होता. ऐकतो कोण? त्याची मोठी बहीण दिवेखोलीत दिवे आणि बिल्ले सांभाळायची. ती धावत आली, भावाचा बिल्ला तिने स्वतःच्या गळ्यात घातला आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. "याच्या बदली मी," ती म्हणाली.

उगारलेले दांडे खाली झुकले. तेवढ्यात बत्ती पुढे झाला, त्याने तिच्या खांद्याला धरून तिला बाजूला ढकललं आणि म्हणाला, "बदली कामाला चालते ताई, माराला नाही." आणि पहिला दांडा त्यानेच घातला, पाचरच्या उजव्या गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मागच्या माणसालाही ऐकू गेला. पाचरचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. खडकातलं काम सुटलं, आणि तो बहिणीशेजारी दिवेखोलीत दिवे दुरुस्त करत बसू लागला. त्यानंतर बत्ती रोज त्या खिडकीशी जायचा, फळा बघायचा, आणि त्याने विचारायच्या आतच पाचर सांगायचा, "रिकामा." त्यापलीकडे दोघांत शब्द नाही.

बत्तीच्या घरात तो आणि त्याची लेक, दोघंच. बायको पोरगी लहान असतानाच गेली. लेकीला वस्तीत सगळे ठिणगी म्हणायचे, बापाच्या नावावरून आणि थोडं तिच्या जिभेवरूनही. जगाला बडवणाऱ्या या माणसाने तिच्यावर मात्र कधी बोट उगारलं नाही. ती चिडली की भांडी आपटायची आणि बत्ती मुकाट ती उचलून ठेवायचा. आणि ही ठिणगी नोकरीला लागली ती कुठे? तर बर्फघरात.

खाणीच्या तळाशी, जिथला माल संपून गल्ली ओस पडली होती, तिथे शास्त्रज्ञांनी एक प्रयोगशाळा थाटली होती. तिला कामगार बर्फघर म्हणायचे. आत शिशाच्या विटांची भिंत, तिच्या आत तांब्याचे डबे, डब्यात डबा, आणि सगळ्यांत आत मुठीत मावतील असे काही स्फटिक. ते इतके गार ठेवलेले की त्याहून गार करायला फार काही उरतच नाही. ठिणगी तिथे गारठा राखायची. पंप बघायचे, नळ्या बघायच्या, द्रव नायट्रोजन ओतायचा.

"पण हे सगळं करायचं कशाला?" बत्तीने एकदा जेवताना विचारलं.

"बाबा, जगात आपल्याला जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं आहे. ते आत्ता तुमच्यातून आरपार जातंय."

"मग जाऊ दे की. मला कुठे दुखतंय?"

"कधीतरी त्यातला एखादा कण आमच्या स्फटिकाला धडकेल. धडकला की स्फटिक तापेल. अगदी नावापुरता. म्हणून तो आधी इतका गार ठेवायचा, की तेवढी ऊबसुद्धा लपणार नाही."

"आणि मग त्यासाठी एवढं खाली कशाला मरायचं? वर करा की गार."

"वर आभाळातून सारखा दुसऱ्या कणांचा मारा चालू असतो. त्यात आमचा एक धक्का कसा ओळखणार? इथे वरचा अख्खा डोंगर तो मारा खातो."

बत्तीला डोंगराचं हे काम पटलं. बाकीचं त्याने ऐकून सोडून दिलं. पण बर्फघराचा एक नियम मात्र तो काटेकोर पाळायचा. बर्फघराची माणसं लांबच्या, भक्कम गल्लीत असायची, त्यामुळे सुरुंगाच्या वेळी ती खाली राहिली तरी चालायचं. फळ्यावर त्यांची सगळ्यांत खालची वेगळी ओळ होती. त्या ओळीत बिल्ला दिसला की मूठ फिरवण्याआधी बत्ती खाली फोन करायचा. "उडवतोय गं." मग पलीकडून ठिणगी मोजणी थांबवायची, नायट्रोजनचं भांडं धरून ठेवायची आणि म्हणायची, "उडवा." ओळ रिकामी असेल तर फोन कोणाला करायचा? तेव्हा तो करत नसे.

मग तिसऱ्या थरातलं छत कोसळलं. दोन माणसं मेली. एकाचं तर फक्त बुटांवरून ओळखलं. पाचर कामावर असता तर ते छत पडलं नसतं, असं काही जण हळूच म्हणाले. बत्तीसमोर कोणी म्हणालं नाही. कंपनीने छत आवळायचा खर्च टाळला होता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिरड्या उठल्या तशी खाण संपाने बंद पडली.

हा संप मागच्यासारखा नव्हता. कंपनीने बाहेरून पहारेकरी आणले, हातात शिसं भरलेल्या काठ्या. पहिल्याच दिवशी फाटकाशी डोकी फुटली. एका ड्रिलवाल्याचा डोळा गेला, तो रस्त्यावर हाताने चाचपत बसला, जणू डोळा खाली पडलाय आणि सापडेल. बत्तीने एका पहारेकऱ्याची काठी हिसकली आणि त्याच काठीने त्याचा जबडा असा फोडला की तो बायकोचं नावही नीट घेऊ शकेना. दवाखान्याच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसं शेजारीशेजारी कण्हत पडायची आणि बरं वाटलं की तिथेच पुन्हा जुंपायची.

संघटनेच्या पुढाऱ्याने हुकूम काढला, खाली कोणीही उतरायचं नाही. पाणी उपसणारे पंप वरूनच चालतील. बर्फघरालाही सूट नाही.

"असं कसं?" ठिणगी घरात भांडली. "आमच्या नळीत एक सापळा असतो. गॅसमधला कचरा त्यात गोठून अडकतो. रोज नायट्रोजन घातला नाही तर सापळा गरम होईल, कचरा सुटून आतली बारीक वाट बुजेल, आणि मग सगळंच गरम. वर्षभराची मोजणी पाण्यात, बाबा. शास्त्रज्ञ साहेबांना फाटकातून आत सोडत नाहीत. मी वस्तीतच आहे, मी जाऊ शकते."

"एकाला सोडलं की सगळे सुटतात."

"मी कोळसा काढायला जाते का? तांब्याभर गारठा ओतून येते!"

"बाई असो की बाप्या, जो आत गेला तो गेला," बत्ती म्हणाला. "गल्लीत उभं करतील. आणि मी अडवणार नाही, सांगून ठेवतो."

तिने त्या दिवशी भांडी आपटली नाहीत. शांतपणे घासून पालथी घातली. बत्तीला यावरून कळायला हवं होतं, पण तो खूश झाला, पोरगी शहाणी झाली म्हणून. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी दवाखान्यात जखमींना पट्ट्या बांधायला जाऊ लागली. खरंच जायची. फक्त त्याआधी खाणीच्या मागच्या उताराच्या बोगद्याने चालत खाली जायची, सापळा भरायची आणि वर यायची. दिवा बर्फघराचा होता, तो तिच्यापाशीच असायचा. बिल्ला खिशात. फळ्यावर टांगला असता तर पाचरने पाहिला असता, पाचरने पाहिला असता तर सगळ्यांना कळलं असतं. लहानपणापासून बापाच्या तोंडून फळ्याची थोरवी ऐकलेली ही मुलगी, हीच त्या फळ्याशी खोटं बोलली.

मग बातमी आली. कंपनी त्याच उताराच्या बोगद्यातून बाहेरची माणसं खाली नेणार, उद्याच. पुढाऱ्याने सकाळीच बत्तीला बोलावलं. "बोगदा बुजव."

बत्तीला हे असलं काम म्हणजे मेजवानी. बोगद्याच्या तोंडापासून जरा आत त्याने भोकं भरली, छत आणि दोन्ही भिंती एकदम खाली येतील अशी. मग तारा ओढत लांब मशीन ठेवलेल्या टपरीपर्यंत आला. आणि मग, त्याच्या रीतीप्रमाणे, सगळ्यांना थांबवून दिवेखोलीकडे गेला.

"रिकामा," पाचर म्हणाला.

बत्तीने स्वतःही पाहिलं. वरपासून खालपर्यंत नुसते खिळे. खालची ओळही रिकामी. तो परत आला, आणि मूठ फिरवली.

जमीन पायाखालून ढकलल्यासारखी झाली. बोगद्याच्या तोंडातून धूळ, दगड आणि वारा एकदम बाहेर फेकला गेला. पोरं नाचू लागली. पुढाऱ्याने बत्तीला मिठी मारली. आणि त्या गलक्यात टपरीतला खाणीचा फोन वाजला.

बत्तीने हसतच उचलला.

"बाबा," पलीकडून आवाज आला. "बार कोणी उडवला?"

"कुठून बोलतेस?"

"खालून."

"तुझा बिल्ला कुठे आहे?"

"खिशात."

मग ती खोकली, आणि तिच्या मागे कुठेतरी भोंगा ओरडताना ऐकू आला. "नायट्रोजनचं मोठं भांडं उलटलं, बाबा. आत सगळा पांढरा धूर, श्वास घेता येत नाही. दार लावून मी गल्लीत आलेय. पण उताराकडून बाराचा धूर येतोय. आणि डोक्यातून रक्त येतंय माझ्या."

"लिफ्टच्या दिशेने चाल. वारा तोंडावर येतोय ना, तिकडेच चालत राहा. ओढणी ओली करून नाकाला धर. बसू नकोस. काही झालं तरी बसू नकोस, ऐकतेस?"

त्याने फोन टाकला आणि धावत सुटला. दिवेखोलीशी पोचला तो थेट पाचरच्या गळ्यालाच हात घातला, खिडकीतून त्याला अर्धा बाहेर ओढला. "तुला माहीत होतं! तू तिला जाताना पाहिलंस आणि मला रिकामा म्हणालास!"

पाचरचा चेहरा काळानिळा झाला. बहिणीने बत्तीच्या मनगटाचा चावा घेतला तेव्हा कुठे त्याची पकड सुटली. पाचर खोकत म्हणाला, "मला माहीत असतं तर पोरीला मरू दिलं असतं, असं वाटतं तुला? मी तू नाही, बत्ती."

हवेची टाकी आणि मुखवटा पाचरनेच फळीवरून काढून त्याच्या अंगावर फेकला. माणूस खाली अडकला की संप नसतो, हे मात्र कोणाला सांगावं लागत नाही. लिफ्टवाला आपल्या मशीनवर चढला आणि पिंजरा खाली सुटला.

ती अर्ध्या वाटेवर सापडली. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत येत होती. अर्धा चेहरा रक्ताने माखला होता आणि ओढणी काळी झाली होती. बत्तीने मुखवटा तिच्या तोंडाला लावला. तिने चार श्वास घेतले, मुखवटा बाजूला केला आणि बापाच्या तोंडात भडकावली. मग दुसरी. मग दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, गालावर, जिथे बसेल तिथे मारत सुटली.

"वर्षभर! वर्षभर गारठा राखला होता! गेला सगळा. मापकांचे काटे टोकाला जाऊन भिडले, शिशाच्या विटा ढासळल्या, काही उरलं नाही. फोन का नाही केलात? रोज करता ना? आजच का नाही केलात?"

"फळा रिकामा होता गं," बत्ती म्हणाला. त्याने हात खालीच ठेवले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाचा तरी मार नुसता खात होता, आणि तिच्या अंगात एवढा जोर शिल्लक आहे या आनंदाने त्याला रडू फुटलं होतं. "आता बिल्ला दे इकडे."

तिला वाटलं, तो फळ्यावर टांगायला मागतोय. तिने काढून दिला.

पिंजरा वर आला तेव्हा गल्ली धरलेली होती.

उभी होती ती संप सुरू झाल्यापासून मार खाल्लेली माणसं. कोणाच्या कपाळाला पट्टी, कोणाचा हात गळ्यात. ड्रिलवाला एका डोळ्याने बघत उभा होता. "बोगद्याची वाट तिनेच दाखवली असणार कंपनीला," असं कोणीतरी म्हणालं आणि ते मागेपर्यंत पसरत गेलं. ठिणगीने तोंड उघडलं, पण कोणी ऐकून घेईल असं एकही तोंड तिला दिसलं नाही.

"पोरीला पुढे कर, बत्ती," पुढारी म्हणाला. त्याला ते बोलायला जड जात होतं, पण तो बोलला. "नियम तुझाच आहे."

बत्तीने खिशातून बिल्ला काढून गळ्यात घातला.

"हिच्या बदली मी."

कोणीतरी फिसकन हसलं. मग मागून आवाज आला, "बदली कामाला चालते, माराला नाही!" आणि मग तेच वाक्य दोन्ही बाजूंनी, दांडे जमिनीवर आपटत. सगळ्यांना पाठ होतं. बत्तीने ते ऐकून घेतलं.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "पाचरला विचारा. तो म्हणेल तसं."

पाचर कुबडीवर टेकत आला. त्याच्या गळ्यावर बत्तीच्या बोटांचे वळ अजून लाल होते. मागोमाग त्याची बहीण आली आणि बत्तीपुढे उभी राहिली. "मी अशीच उभी होते," ती म्हणाली. "इथेच."

बत्तीने मान खाली घातली.

पाचरने ठिणगीला विचारलं, "कशाला गेली होतीस?"

"सापळा भरायला. नाहीतर सगळं गरम झालं असतं."

"भरलास?"

"भरत होते." तिने बापाकडे पाहिलं. "तेवढ्यात उडवला."

पाचर बत्तीला म्हणाला, "मी टेकूला पाचर ठोकायला गेलो होतो. तेव्हा तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"विचारायला हवं होतंस."

"हो."

पाचरने शेजारच्याच्या हातातला दांडा घेतला, कुबडी बहिणीकडे दिली आणि एका पायावर तोल सावरला. "बदली चालते," तो मोठ्याने म्हणाला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "पोरीला कोणी हात लावायचा नाही."

आणि त्याने दांडा फिरवला. बत्तीचा उजवा हात सवयीने वर उठला होता. डाव्या हाताने त्याने तो मनगटात पकडला आणि खाली ओढला. दांडा उजव्या गुडघ्यावर बसला. आवाज तोच होता. बत्ती कोसळला, पण ओरडली ठिणगी. पाचरच्या बहिणीने तिला कवेत घट्ट धरलं, तिचा चेहरा आपल्या खांद्यात दाबला, आणि पाचर दांडा टाकून भिंतीशी जाऊन भडभडून ओकला.

गल्ली मात्र पुरी चालायचीच होती. बत्ती हातांवर आणि एका गुडघ्यावर सरपटत निघाला. काहींनी नुसता टेकवल्यासारखा दांडा लावला. काहींनी मात्र आयुष्यभराची उधारी फेडून घेतली. त्याने नाकं फोडलेली माणसं त्यांत होतीच. पाठ फुटली, कान फाटला, बरगडी गेली. दिवेखोलीच्या पायरीशी तो पोचला, खिडकीची चौकट धरून एका पायावर उभा राहिला आणि गळ्यातला बिल्ला काढून त्याने पाचरच्या बहिणीच्या मेजावर ठेवला. मग तिथेच पडला.

पुढे संप मिटला. छतं आवळायचं कंपनीने कबूल केलं. उताराचा बोगदा उपसून मोकळा झाला, बर्फघरात विटा पुन्हा रचल्या गेल्या आणि स्फटिक पुन्हा गार करायला घेतले. ठिणगी बापाचा पाय शेकायची, त्याला भरवायची, पण बोलायची नाही. एक दिवस तिने ताट आपटून पुढे ठेवलं आणि बत्तीला हायसं वाटलं.

खडकातलं काम त्याचं संपलं. आता तो दिवेखोलीत पाचरशेजारी बसतो. दोन माणसं, दोन कुबड्या, आणि दिवसभर कुरबूर. दिव्याचं झाकण नीट बसलं नाही, स्टूल माझं आहे, चहा गार झाला. पाचरच्या बहिणीला दोघांचं ऐकून वीट आला आहे. बत्तीचा हात अजूनही तोंडाआधी उठतो, पण आता तो पाचरच्या पाठीवर फार तर थापटीएवढा पडतो, आणि पाचर लगेच परत करतो.

सुरुंग उडवायची वेळ झाली की नवा सुरुंगवाला खिडकीशी येतो. "काका, फळा?"

"रिकामा," पाचर म्हणतो.

तरी बत्ती उठतो. भिंतीवरचा फोन उचलून बर्फघराला लावतो आणि कानाला घट्ट दाबून धरतो. खाली ओस पडलेल्या गल्लीत घंटा वाजत राहते. नवा सुरुंगवाला चुळबुळ करतो, पाचर म्हणतो, "अरे, कोणी नाही तिथे, किती वाजवशील?" बत्ती ऐकत नाही.

परवा ठिणगी नुकतीच वर आली होती. खिडकीसमोर उभी राहून बिल्ला गळ्यात घालत होती. बाप फोन धरून उभा दिसला तशी तिने आत हात घालून त्याच्या मनगटावर ठेवला.

"बाबा, मी इथे आहे. ही काय समोर."

"असू दे," बत्ती म्हणाला, आणि घंटा वाजू दिली.